यानवालीच्या कमरेचं घुंगरू

आष्टी, ता. परतूर
६ जानेवारी २०२५

चि. रूपाली हिस अप्पामामाचे अनेक आशीर्वाद.

बैलांच्या घुंगरमाळा, म्होरक्या, राजूरच्या यात्रेतल्या ढोलांचे पट्टे, पोस्टमनची खांद्याची पिशवी, तुझ्या आजोबांच्या चष्म्याचं घर, आणि तुझ्या बापाला लग्नात चावलेली चप्पल, जी मी उसवून पुन्हा शिवली. एवढं सगळं या हातांनी केलं, कुणाच्या हाताखाली न बसता. तेव्हा कॉलेजातल्या सोंगासाठी मालिकेतल्या यानातल्या बाईच्या कमरेचा बटवा मामाला जमंल का, हे तू फोनवर विचारायलाच नको होतं.

तुझी ती मालिका शेजारच्या पोराच्या मोबाईलवर तीन भाग पाहिली. गोष्ट काही कळली न्हाई. पण त्या बाईच्या बटव्याची शिवण यंत्रावरची आहे, एक टाका तुटला की सगळी उसवते. आभाळात यान दुरुस्त करत हिंडणारी बाई, आणि असला बटवा? मी दोन सुयांनी हातटाका घालतो. एक तुटला तरी दुसरा धरून राहतो.

आत काय ठेवायचं ते लिही. त्याशिवाय मी चामड्याला रापीचं पातं लावत न्हाई. आणि माप फोनवर सांगू नको. तुझ्या आईनं एकदा फोनवर पर्सचं माप सांगितलं, शिवून झाल्यावर तिच्यात तिचा मोबाईलच मावला न्हाई. कागदावर वस्तू ठेव, भोवती पेन्सिल फिरव, तो कागद पाठव.

इथं सगळे खुशाल. माया आहे तशीच असू दे.

तुझा,
अप्पामामा


पुणे
१५ जानेवारी २०२५

ती. अप्पामामांस रूपालीचा सा. न. वि. वि.

तुमचं पत्र वसतिगृहाच्या ऑफिसात आलं, तर तिथल्या बाईंनी ते उलटंपालटं करून पाहिलं. म्हणाल्या, कुणाचं निधन वगैरे झालंय का? मी म्हणाले, नाही, मामांना माप हवंय.

सोबतच्या कागदावर दोन वस्तू काढल्या आहेत. लांबोडकी आहे तो टॉर्च आणि चौकोनी आहे ते यानातलं एक यंत्र. दोन्ही नकलीच आहेत, पण कप्प्यात हलायला नकोत. आत उष्णता कमी लागेल असं काही करता आलं तर बघा. पोशाख करड्या रंगाचा आहे, पट्टा रुंद, बटवा उजव्या बाजूला. कॉलेजचा कार्यक्रम आठ फेब्रुवारीला आहे. माझ्या खोलीतली आसिफा मला चेहऱ्यावर ग्रीसचे डाग रंगवून देणार आहे.

आईला यातलं काही कळवू नका. अभ्यास सोडून हे काय, असं म्हणेल.

मामींना नमस्कार. तुमचा जीव माझ्यावर आहे तसा राहो.

आपली,
रूपाली


आष्टी
२९ जानेवारी २०२५

चि. रूपालीस अनेक आशीर्वाद.

सोबत बटवा. चामडं बैलाच्या पट्ट्याचंच आहे, पण रापीनं सोलून निम्मं पातळ केलं. तुझ्या कमरेला बैलाचं ओझं कशाला? ओलं करून लाकडाच्या ठोकळ्यावर बसवलं, चार दिवस सावलीत वाळवलं. उन्हात वाळवणारे लोक आहेत, त्यांचं काम पुढच्या वर्षी तडकतं. आतून घोंगडीचं अस्तर आहे. उन्हाळ्यात आपण पाण्याच्या बाटलीला गुंडाळतो तसलं. चिंधी ओली करून वरून ठेवली तर आणखी गार राहील.

एक लिहितो. तुझा टॉर्च वीतभर लांब आणि बोटाहून बारीक आहे. टोपणावरसुद्धा रेघ काढलीस. असला टॉर्च मी परतूरच्या बाजारात चार दुकानांत विचारला, कुणाकडं न्हाई. असो. माप बराबर आहे, मी माप पाळलं. बाकी विचारत न्हाई.

झाकणाखाली घुंगरू आहे. माझ्या हातून गेलेल्या प्रत्येक पट्ट्याला एक असतं, तसं तुझ्याही. तुझ्या मामीनं तिळाचे लाडू भरले आहेत. दिवाळीत अनारशाला हात लावला न्हाईस, आता हे तरी खा.

लोभ कमी होऊ देऊ नको.

तुझा,
अप्पामामा


पुणे
११ फेब्रुवारी २०२५

ती. मामा, सा. न. वि. वि.

बटवा इतका सुंदर आहे की कार्यक्रमात लोक माझ्याकडे न बघता त्याच्याकडे बघत होते. पण मी स्टेजवर चालायला लागले आणि घुंगरू वाजलं. मागून कुणीतरी ओरडलं, यानातून बैल उतरला. सगळं सभागृह हसलं. मीसुद्धा हसले. बक्षीस दुसरं मिळालं.

आता खरं लिहिते. तो टॉर्च नाही, इन्सुलिनचं पेन आहे. चौकोनी आहे ते शुगर मोजायचं यंत्र. बारावीत असताना कळलं. मला दिवसातून चार वेळा पोटात सुई घ्यावी लागते. आईनं शपथ घातली होती, कुणाला सांगायचं नाही. तुम्हालासुद्धा नाही. पुढं लग्नाला अडचण येईल म्हणते. म्हणून मी इथं संडासात जाऊन घेते, कडी लावून. आसिफालाही माहीत नाही. पोशाखाचं निमित्त झालं, म्हटलं कमरेला बटवा असला तर कुणी विचारणार नाही.

पण झाकण उघडलं की घुंगरू वाजतं. मेसमध्ये वाजलं की दहा माना वळतात. ते काढलं तर चालेल का? मी स्वतः काढणार नाही, तुमचा टाका आहे.

लाडू मैत्रिणींनी खाल्ले. अनारशांचा राग सोडा.

तुमच्या मायेची,
रूपाली


आष्टी
१७ फेब्रुवारी २०२५

चि. रूपाली, अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र मामीला वाचून दाखवलं. ती चुलीपुढं गेली आणि बराच वेळ आली न्हाई.

घुंगरू काढणार न्हाई. का, ते ऐक. घुंगरू शोभेसाठी नसतं. ज्वारी उभी असली की आत शिरलेला बैल दिसत न्हाई, नुसता आवाज येतो. तो आला की मालकाला कळतं, आपलं जनावर कुठं आहे, ठीक आहे का. ज्याच्यावर जीव असतो त्यालाच घुंगरू बांधतात, विकायला काढलेल्याला न्हाई.

पण तुझ्यावर जबरदस्ती न्हाई. सोबत सरकी काढलेला कापूस पाठवतो. घुंगराच्या तोंडात घाल, वाजायचं बंद होईल. काढायचा कधी, ते तू ठरव. मी विचारणार न्हाई. आणि तुझ्या आईला मी काही बोलणार न्हाई, ते तुझं काम.

मामी म्हणते, दिवाळीला तुझ्यासाठी ज्वारीची धपाटी. गोडाचा हट्ट आता बंद.

जपून राहा, माया ठेव.

तुझा,
अप्पामामा


पुणे
२४ मार्च २०२५

ती. मामा, सा. न. वि. वि.

कापूस तीन आठवडे होता. मग आसिफानं विचारलं, तुझ्या बटव्याला काय झालं, आजारी आहे का, बोलत नाही. तिला सांगितलं. ती म्हणाली, पागल, एवढ्यासाठी संडासात बसतेस? सुईच्या टोकानं कापूस तिनंच ओढून काढला.

परवा प्रयोगशाळेत माझी शुगर उतरली. सकाळी सुई घेऊन नाश्ता राहिला होता. हात थरथरत होते, बटव्यातली साखरेची पुडी काढायची तर झाकण नीट उघडेना, नुसतं घुंगरू वाजत राहिलं. आसिफा दोन टेबलं पलीकडे होती. मला हाक मारता आली नाही, मामा, पण ती आली. पुडी फाडून तिनंच माझ्या तोंडात रिकामी केली.

आता मेसमध्ये घुंगरू वाजलं की मुली ताट माझ्याकडे सरकवतात. म्हणतात, यानवालीचं इंधन भरायचंय. कडी लावत नाही मी आता. आईला मीच सगळं कळवलं. तुमच्यावर ती चिडणार आहे, तयारीत राहा.

लोभ आहेच, तो वाढवा.

आपली,
रूपाली


बदनापूर
३० मार्च २०२५

ती. अप्पादादास सत्यशीलेचा नमस्कार.

रूपालीनं लिहून कळवलं. सगळ्या कॉलेजला आता माहीत झालंय. तू बटवा शिवलास, चांगलं केलंस, पण घुंगरू कशाला बांधलंस? मी दोन वर्षं ओठ आवळून झाकून ठेवलं. चाँदबी शेजारीण इतकी जवळची, तिलासुद्धा सांगितलं न्हाई. सोयरिकीला माणसं येतील तेव्हा तू उत्तर देणार आहेस का? तिच्या आईच्या जागी उभा राहून बघ एकदा.

उन्हाळ्याच्या सुट्टीत ती आली की मी ते घुंगरू काढून घेणार आहे. तू आधीच काढायला सांगितलंस तर बरं. तुझं ऐकते ती.

घरी सगळे बरे आहेत. भावाची माया राहू दे.

तुझी,
सत्या


आष्टी
५ एप्रिल २०२५

चि. सत्यास अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र दोनदा वाचलं. मला सांगितलं न्हाईस याचा राग आल्ता, दोन दिवस. मंग वाटलं, एकटीनं झाकत बसलीस, तुझेही हात थरथरले असतील. तुझ्या झाकण्याचा आवाज मात्र कुणालाच आला न्हाई, मलासुद्धा.

सोयरिकीचं म्हणशील तर उत्तर मी देईन. मामाला मान असतो, तो मी सोडत न्हाई. ज्या घराला घुंगराची भीती वाटते तिथं आपली पोर न्हाई द्यायची, एवढं साधं आहे. प्रयोगशाळेत त्या दिवशी ते वाजलं नसतं तर आपण आज सोयरिकीचं बोलत बसलो नसतो. तूच विचार कर.

तुझ्यासाठी नवी पर्स शिवून राह्यलो. मोबाईल कागदावर ठेव, भोवती पेन्सिल फिरव.

घुंगरू काढायला सांगणारी तू पहिली न्हाईस. मागच्या आठवड्यात पुण्याच्या एका माणसाचा फोन आल्ता. सिनेमा-नाटकाचे कपडे भाड्यानं देतो. रूपालीच्या कमरेला बटवा पाहिला म्हणे त्यानं, काम बिलकुल पसंत. तसलेच दहा पाहिजेत, अट एकच, घुंगरू नको, चित्रीकरणात आवाज होतो. मी विचार करतो म्हणालो न्हाई. तिथंच न्हाई म्हणून सांगितलं. तो पंचवीस हजार देत होता.

तुझा,
अप्पादादा