खिडक्या झाल्या का, या प्रश्नाचं उत्तर

ती. सौ. ताईस,

साष्टांग नमस्कार. (हा नमस्कार कागदावरच गोड मानून घे. आडवं पडायला या घरात जमीन शिल्लक नाही. बाहेरच्या खोलीत सिमेंटची पोती आहेत आणि पलंगावर सगळं स्वयंपाकघर आहे.) तुझी कंबर कशी आहे? भावोजींचा खोकला गेला, की अजून डॉक्टरांना न दाखवता त्यांची कीर्ती गात बसले आहेत? आणि आई कशी आहे, ते तूच नीट लिही. फोनवर ती "मी मजेत" एवढंच म्हणते आणि फोन तुझ्या हातात देते. आमच्याकडे सर्व कुशल. सर्व म्हणजे मी, तुझी भावजय आणि एक मांजर. मांजराचा खुलासा पुढे येईल.

परवा तू विचारलंस, "अरे, खिडक्या बसवताय की किल्ला बांधताय?" ते मी हसण्यावारी नेलं. पण फोन ठेवताना आवाज बारीक करून तू म्हणालीस, की आईला आता वाटायला लागलंय, खिडक्या हे नुसतं निमित्त आहे. ते वाक्य काही माझ्या घशाखाली उतरलेलं नाही. आधी ती रोज विचारायची, खिडक्या कुठवर आल्या, मला न्यायला कधी येतोस. हल्ली ती विचारतच नाही आणि मला त्याचीच जास्त भीती वाटते. म्हणून हे पत्र. फोनवर सांगितलं असतं, पण तुझा फोन तिच्या खुर्चीशेजारी आणि तिचे कान अजून तुझ्या-माझ्यापेक्षा तिखट. तेव्हा हे वाचताना तोंडावर काही दिसू देऊ नकोस. (तुला ते जमत नाही. स्वयंपाकघरात जाऊन वाच.)

तर मुळापासून सांगतो. आमच्या जुन्या खिडक्यांची अवस्था तू पाहिलीच आहेस. एक लाथेशिवाय उघडत नव्हती, दुसरी लाथ घातली तरी मिटत नव्हती, आणि आईच्या खोलीतली कडीच्या जागी चमचा अडकवून बंद होत होती, त्यामुळे आमटी वाढायच्या वेळी तिच्या खोलीत वारा यायचा. म्हणून खिडकीवाल्याला बोलावलं. माणूस अत्यंत गोड. त्याने सगळ्या खिडक्यांकडे डॉक्टरसारखं पाहिलं, त्यातल्या दोघींना टिचकी मारली आणि म्हणाला, "आठ दिवसांत झालंच म्हणून समजा." त्या "झालंच"वर विसंबून मी आईला तुझ्याकडे पोचवलं, कारण धूळ तिला सोसणार नाही. या माणसाचं आता घरात नावच "झालंच" पडलं आहे. काम सुरू झालेलं नसतं तेव्हा तो "झालंच" म्हणतो, अर्धं होतं तेव्हाही "झालंच" म्हणतो, आणि खरोखर संपतं तेव्हा मात्र काही न बोलता चहा मागतो.

पण सगळा दोष त्याच्या डोक्यावर फोडला तर मला पाप लागेल. मापं घ्यायला तो स्वतः येणार होता. तो दोन दिवस आला नाही, आणि तुझ्या भावजयीला दोन दिवस कुणाची वाट बघायची सवय नाही. (माझी तिने लग्नाआधी एकच दिवस पाहिली, तीही रागावून.) ती म्हणाली, जन्म गेला मापं घेण्यात, मला काय शिकवायचं? गळ्यात टेप होतीच. तिने सगळ्या खिडक्यांची मापं घेतली, सुवाच्य अक्षरात लिहून काढली आणि मी ती मोठ्या अभिमानाने "झालंच"च्या हातात नेऊन दिली. आता तुला माहीत असेल की शिवणकामात कापड बेतताना चारी बाजूंनी थोडं जास्तीचं ठेवतात, त्याला माया म्हणतात. तुझ्या भावजयीने प्रत्येक खिडकीला माया सोडली. हात सवयीनेच गेला, तिचं तिलाही कळलं नाही. टेम्पोतून खिडक्या उतरल्या तेव्हा एकूण एक खिडकी भिंतीतल्या भोकापेक्षा ऐसपैस. "झालंच"ने एक उचलून भिंतीला लावली, मग दुसरी लावली, मग खाली बसला. तुझी भावजय मात्र जागची हलली नाही. तिचं म्हणणं असं, की मोठं असलं तर आत घेता येतं, तोकडं झालं तर काय करणार होतात? पण ॲल्युमिनियमला टाके घालून आत घेता येत नाही. तो खिडक्या परत घेऊन गेला.

इथे तू म्हणशील, मग जुन्या होत्याच की तोवर. नव्हत्या. (नमनाला घडाभर तेल जाळून मी आत्ता कुठे माझ्या पराक्रमाशी आलो.) कामाचा खोळंबा नको म्हणून आदल्या दिवशीच मी सगळ्या जुन्या खिडक्या चौकटींसकट काढून घेतल्या होत्या आणि भंगारवाल्याला देऊन मोकळा झालो होतो. "झालंच"ची पद्धत एक काढायची, एक बसवायची, अशी आहे. ती त्याने मला नंतर सांगितली. मी त्याला म्हटलं, हे आधी सांगायला काय झालं होतं? तो म्हणाला, अहो, हे कुणाला सांगावं लागतं असं आजवर वाटलंच नाही.

मग आम्ही भोकांना प्लास्टिक लावलं आणि राहू लागलो. खोटं कशाला सांगू, मजेत राहिलो. पहिले दोन दिवस प्लास्टिक फडफडायचं, तिसऱ्या दिवसापासून त्याच्याशिवाय झोप येईना. समोरच्या घरातली बाई आणि तुझी भावजय यांच्यात कपडे वाळत घालायच्या दोरीवरून अबोला होता, तो संपला, कारण स्वयंपाकघराला खिडकीच नसल्यावर दोघी सकाळ-संध्याकाळ एकमेकींच्या तोंडासमोर, न बोलून सांगतात कुणाला? आता आमच्याकडे काय शिजतंय ते मला समोरून कळतं. मांजरही त्याच सुमारास आलं. बैठकीच्या भोकातून आत शिरलं, घर फिरून पाहिलं, माझ्या खुर्चीत बसलं आणि आजतागायत उठलेलं नाही. भाडेकरूला निदान नोटीस देता येते.

यथावकाश नव्या खिडक्या आल्या, या खेपेला "झालंच"च्या मापाने. ताई, बसवायला काही म्हणजे काही वेळ लागत नाही! एकेक खिडकी तो बघता बघता बसवतो. चौकट ठोकायची, कडेने ते पांढरं चिकट भरायचं, काचा सरकवून बघायच्या, संपलं. वेळ लागतो तो सगळा बसवायच्या आधी. माझ्यासारख्या माणसाच्या घरी तो जरा जास्त लागतो. काचा इतक्या स्वच्छ, की पहिल्याच सकाळी मी पेपरवाल्याला हाक मारायला डोकं बाहेर काढलं आणि टेंगूळ घेऊन आत आलो. एका बोटाने खिडकी सरकते. चमचा डब्यात परत गेला. संध्याकाळी आम्ही दोघं नुसते खिडक्या उघडत-मिटत बसलो होतो, लहान मुलांसारखे.

राहिली आहे ती आईची खोली. तिथे थोडं गवंडीकाम निघालं आहे. तेव्हा आणखी काही दिवस तिला ठेवून घे, एवढंच सांगायचं होतं. गवंडी आला आहे आणि भिंत फोडायची आहे हे तिच्या कानावर घालू नकोस. भावोजींना नमस्कार, त्यांच्या खोकल्याला सुट्टी.

तुझा,
नखशिखांत सिमेंटच्या रंगाचा,
धाकटा भाऊ

ता. क. पत्र तुझ्या भावजयीने वाचलं. ती म्हणते, ताकाला जाऊन भांडं लपवायची तुमची खोड कधी जाणार? "थोडं गवंडीकाम" वाचून वन्संना वाटेल, यांचा आईला न्यायचा विचारच नाही. म्हणून खरं काय ते लिहितो. आईची खिडकी तशी त्याच दिवशी होणार होती. तुझी भावजय शिवण घेऊन आईच्या खुर्चीत बसली होती. "झालंच" बाहेर गल्लीत उभा राहून दोन काचा छातीशी धरून विचारत होता, की आजींना साधी लावू का धुरकट? ती म्हणाली, आधी दाखवा तरी. तो म्हणाला, दाखवतोय की केव्हाचा! मी दारातून बघतोय, मला तो दिसतोय, काचा दिसताहेत, आणि हिला काही दिसत नाही. मला हसू आलं. ती मात्र खुर्चीतून उठेना. म्हणाली, इथून नुसतं आभाळ दिसतं हो. आणि सासूबाई तर माझ्याहून खाली गेल्यात.

ताई, आठवतं ना, बेकरीवाल्याने नवी सायकल घेतली, पोस्टमन भलत्याच दारात उभा आहे, कोपऱ्यावरचा शिक्षक आज पुन्हा छत्री विसरला, हे सगळं या घराला आईकडून कळायचं. मग ते हळूहळू थांबलं. विचारलं तर म्हणायची, गल्लीत आता बघण्यासारखं राहिलंय काय? आम्हाला वाटलं, डोळे अधू झाले. आम्ही तिचा चष्मा दोनदा बदलला. दोन्ही वेळा तिने "आता छान दिसतं" म्हणून आमचं समाधान केलं. पाठ वाकत गेली, ती खुर्चीत बुडत गेली, भिंत तिच्या डोळ्यांच्या वर गेली, आणि ती कुणाला काही बोलली नाही. मला त्या दिवशी जेवण गेलं नाही. म्हणून खिडकीखालची भिंत फोडून कट्टा खाली आणतोय आणि तिच्यासाठी खालपर्यंत येणारी उंच खिडकी नव्याने करून घेतोय. हे तिला आधी कळलं तर "माझ्यासाठी भिंती फोडू नका" म्हणेल आणि तुझ्याच घरी ठाण मांडून बसेल.

पुन्हा ता. क. आता घोडं कुठे अडलंय ते. भिंत किती उतरवायची? मी म्हणतो वीतभर, तुझी भावजय म्हणते हातभर, आणि गवंडी म्हणतो आजींना आणून बसवा, मी खूण करतो. तेव्हा या सगळ्या पत्राचा मतलब एवढाच, की तू आईचं माप घेऊन कळव. जमिनीपासून घेऊ नकोस, तुझ्या खुर्च्या उंच आहेत. बसायच्या जागेपासून डोळ्यांपर्यंत घे. उशी घेऊन बसत असेल तर उशीसकट घे, तशीच उशी आम्ही इथे ठेवू. सकाळी घेऊ नकोस. तिच्याकडे कुणी बघतंय असं तिला वाटलं की ती फोटोला बसल्यासारखी ताठ होते, आणि ते माप धरलं तर आमची पुन्हा फसगत. संध्याकाळी दमून, मान जरा कलती करून बसते ना, ते माप हवं. ते कळलं की काम "झालंच", आणि मी तिला न्यायला येतो. तारीख तिलाच ठरवू दे.

अगदी शेवटचं ता. क. मोजताना पकडली गेलीस तर स्वेटरचं माप घेतेय म्हण. (मग स्वेटर विणावा लागेल, त्याला माझा इलाज नाही.) पण खिडकी खाली आणली हे चुकूनही बोलू नकोस. इथे आमचं ठरलंय, तिने विचारलं तर सांगायचं, की गल्लीचं डांबरीकरण झालं आणि रस्ताच वर आला. तिला ते पटणार नाही. आम्हा दोघांना चांगलं फैलावर घ्यायला ती तोंड उघडेल, आणि तेवढ्यात समोरून कुणीतरी जाईल.