मुद्दाम फोडलेलं चालत नाही

बुधवार, संध्याकाळ

नवा लॅपटॉप घेतला. वाढीव वॉरंटी घ्यावी की नको, यावर दुकानात अर्धा तास अडले होते.

जुना रविवारी मुरलीने फोडला. माझा सख्खा धाकटा भाऊ. दारूला पैसे नाही म्हटलं, तर आधी माझं तोंड भिंतीवर आपटलं, मग लॅपटॉप. स्क्रीनचा चुरा झाला तरी आपटतच होता. माझ्या ओठातून रक्त गळत होतं आणि मी खाली बसून कीबोर्डची बटणं वेचत होते. बटणं कशाला वेचली मी?

दुकानदार तमिळमध्ये म्हणाला, "अक्का, हातातून पडला, कॉफी सांडली, तरी दुरुस्ती फुकट."

"कोणी आपटला तर?"

त्याने माझ्या सुजलेल्या ओठाकडे पाहिलं. "मुद्दाम फोडलेलं चालत नाही, अक्का." मग हळूच विचारलं, "घरातलंच कोणी?"

मी शिकवते त्या शाळेत सगळ्यांना जिन्यावरून पडले म्हणून सांगितलं होतं. इथे मात्र "हो" निघून गेलं. वॉरंटी नको म्हटलं आणि तडक महिला पोलीस ठाण्यात गेले. तक्रार लिहिताना सारखी ती बटणंच दिसत होती.

तासाभरापूर्वी पोलीस मुरलीला घेऊन गेले. पापनाशमहून आईचा फोन आला. "पाठच्या भावाला पोलिसांत दिलंस? तुला काळीज आहे का ग?"

मी म्हटलं, "आई, त्याने मला मारलं तेव्हा तू कधी एवढ्या जोरात ओरडली नाहीस."

तिने फोन ठेवला. मी रडेन असं वाटलं होतं. पण कडकडून भूक लागली आहे.