रक्तपिशाचाचा एकोणपन्नासावा दिवस

ती. काझुओमी दादांना रियोझेनचा साष्टांग नमस्कार.

आपली प्रकृती, विशेषतः उजवं मनगट, आता बरं असेल अशी आशा करतो. (तुमची चित्रमालिका छापणाऱ्या मासिकाच्या शेवटच्या पानावर ‘लेखकाच्या मनगटदुखीमुळे या वेळी पानं कमी’ अशी बारीक टीप असते. घरच्या माणसाची खुशाली आम्हाला तिथूनच कळते. टीप नसेल त्या महिन्यात तुमची बहीण मिसाओ म्हणते, दादा बरा दिसतोय.) इकडे सर्व क्षेम आहे असं लिहायची रीत आहे म्हणून लिहिलं, पण क्षेम फारसं काही नाही. घंटाघराच्या छपरावर मार्च अर्धा सरला तरी कमरेइतकं बर्फ आहे, लोणच्याचं पिंप फुटलं, आणि मिसाओ नोव्हेंबरपासून शहरातल्या इस्पितळात आहे हे आपल्याला ठाऊकच आहे. आजार रक्ताचा. अस्थिमज्जा जुळणारा माणूस मिळाला तर ती वाचेल, नाहीतर उन्हाळ्यापर्यंतचं काही सांगता येत नाही, असं डॉक्टर म्हणतात. नोंदणीच्या यादीत अजून कुणी सापडलेलं नाही. दादाला खुशाल पत्र लिहा, पण त्याच्याकडे काही म्हणजे काही मागायचं नाही, अशी तिनं मला शपथ घातली आहे. तेव्हा हे काहीही न मागणारं पत्र आहे असं समजून निर्धास्तपणे वाचावं.

डिसेंबरात आपण पाठवलेलं खरबूज पोचलं. सोबतच्या छापील कार्डावर आपली सही होती (सही तुमच्या मदतनीस मुलीची असावी, तुमचा ‘झु’ इतका नीटनेटका नसतो). मिसाओला कच्चं फळ चालत नाही, त्यामुळे ते परिचारिकांनी खाल्लं आणि फार गोड होतं असं कळवलं. आपण फळ पाठवून थांबला असतात तर मी काही म्हटलं नसतं. पण त्याच महिन्याच्या अंकात मिसाओचाच चेहरा असलेली तुमची नायिका तोवाको रक्ताच्या आजारानं इस्पितळात पडली, डोक्यावर विणलेली टोपी, हाताला सुई, खिडकीबाहेर बर्फ. मी तो अंक लपवून ठेवला होता, पण तिनं खालच्या दुकानातून आणवला. दोनदा वाचला आणि एवढंच म्हणाली, “टोपीचा रंग चुकलाय.” मला मात्र तुमचा इतका राग आला की त्या संध्याकाळी प्रार्थनेत मी दोन ओळी गाळल्या.

आणि जानेवारीच्या अंकात तुम्ही कागेत्सुराला मारलंत. तीनशे दहा वर्षांचं रक्तपिशाच, एक चावा घेतला असता तर तोवाको बरी झाली असती, अमरही झाली असती. पण हा गृहस्थ म्हणतो, माझ्यासारखं जिणं तिच्या वाट्याला नको, आणि सरळ उन्हात चालत जातो. राख! माझ्या मते हा शुद्ध पळपुटेपणा आहे, पण माझं मत कोण विचारतो. आठवड्याभरात देवळाचा फोन वाजायला लागला. मालिकेतलं देऊळ म्हणून तुम्ही गेली अकरा वर्षं आपलंच घंटाघर, आपल्याच पायऱ्या, आपलाच कान तुटलेला दगडी कोल्हा काढत आला आहात, तेव्हा लोकांना पत्ता शोधायला काय वेळ लागणार! कागेत्सुराला मरून एकोणपन्नास दिवस होतील त्या दिवशीचा निरोपाचा विधी इथेच व्हावा अशी वाचकांची इच्छा होती. मी नाही म्हणणार होतो. मिसाओच म्हणाली, “करून टाका. त्याचं करायला दुसरं आहे कोण?”

यजमान मंडळींचे प्रमुख साकुमा आजोबा (वय एक्याण्णव, कान शाबूत) मला जाब विचारायला काठी टेकत आले.

“गुरुजी, हा जो कोण मेलाय, तो जिवंत कधी होता?”

“तीनशे वर्षांपूर्वी होता. मग मेला.”

“आणि आता?”

“आता पुन्हा मेला.”

आजोबांनी बोटांवर काहीतरी मोजलं. “म्हणजे पहिल्या वेळचे विधी राहूनच गेलेत म्हणायचे,” ते म्हणाले. “तरीच पोरगं भटकत राहिलं.” आणि त्यांनी परवानगी दिली.

मयताबद्दल चार शब्द बोलायचे तर माणूस माहीत हवा, म्हणून मी तुमचे तेवीसच्या तेवीस खंड काढून बसलो. नऊ दिवस लागले. दादा, मी पतपेढीतून तुमच्या बाबांच्या देवळात घरजावई म्हणून आलेला माणूस, साहित्यातलं मला कळत नाही. पण वाचकांमध्ये दोन तट आहेत आणि ते एकमेकांचं तोंड पाहत नाहीत, एवढं कळलं. एक तट म्हणतो, तोवाको कागेत्सुराची. दुसरा म्हणतो, तोवाको नुमाताची. कागेत्सुरा खोटारडा, दारुडा, दिलेली एक वेळ न पाळणारा, आणि तिच्या शाळेतल्या बाईंचं रक्त पिऊन वर फुलं घेऊन सांत्वनाला जाणारा. तरी बायका त्याच्यासाठी रडतात. गावात विचाराल तर कुणीही सांगेल की त्याच्या भुवया साके, म्हणजे तांदळाची दारू, गाळणाऱ्या तोकितांच्या मुलाच्या आहेत, ज्याच्याशी मिसाओचं ठरलं होतं आणि जो ऐनवेळी पेरूला निघून गेला. आणि नुमाता? पतपेढीतला कारकून. शेवया खाताना फुंकर मारत बसणारा, छत्री विसरल्याशिवाय घराबाहेर न पडणारा, पायमोजे घडी करून ठेवणारा. (पायमोजे घडी करण्यात गैर काय आहे हे मला तेवीस खंडांत कुठेही सापडलं नाही.) हे मी हसून सोडून दिलं. पण चौदाव्या खंडात नुमाता कागेत्सुराचं तोवाकोला आलेलं पत्र चोरून शेगडीत घालतो. तिथे मी पुस्तक मिटलं. असला हलकट प्रकार मी जन्मात केला नाही, असं तुम्हाला ठणकावून लिहिणार होतो. (केला होता. आमच्या लग्नाच्या पुढच्या वर्षी पेरूहून मिसाओच्या नावानं एक कार्ड आलं होतं. वाचलं नाही, नुसतं जाळलं. कुणाला माहीत नव्हतं. दादा, तुम्हाला कसं कळलं? की तुम्ही सहज काढलंत, कारण असला माणूस तेच करणार?)

विधीला एकशे चाळीस माणसं आली. ओसाकाहून, सेंदाईहून, एक बाई तर बोटीनं. सगळी काळ्या कपड्यांत, काहींचे डोळे लाल (भिंगं असतात म्हणे). कागेत्सुराच्या तटाच्या पुढारी होझुमीबाई, व्यवसायानं दंतवैद्य, आणि नुमाताच्या तटाचा इसाकी नावाचा नगरपालिकेतला तरुण, जो सगळं लेखी मागत होता. भांडण पायऱ्यांवरच सुरू झालं. मयताला देऊळ जे नवं मरणोत्तर नाव देतं त्यात तोवाकोच्या नावातलं एक अक्षर हवं, ही बाईंची मागणी. असं अक्षर घातलं तर ते लग्न लावल्यासारखं होईल, आमची हरकत नोंदवा, असं इसाकी. मग मुख्य शोककर्त्याच्या आसनावर कुणी बसायचं यावरून जुंपली.

“विधवेची जागा आहे ती!” बाई म्हणाल्या.

“लग्न झालं होतं का? दाखला दाखवा,” इसाकी म्हणाला.

“तुमच्या नुमातानं पत्र जाळलं नसतं तर झालं असतं!”

या वाक्याला मी घंटा वाजवली. वेळ झाली नव्हती, तरी वाजवली. शेवटी नावात कुणाचंच अक्षर नको आणि आसन रिकामं, असा तोडगा निघाला. धूप एका पात्रात घालायला मात्र दोघंही तयार होईनात. म्हणून उजवीकडे कागेत्सुरा-तोवाको मानणाऱ्यांचं पात्र आणि डावीकडे नुमाता-तोवाको मानणाऱ्यांचं, अशा दोन रांगा लावल्या. गेल्या चारशे वर्षांत या देवळात मेलेल्याचं असं मतदान झालं नसेल. इसाकीनं तर मोजायला माणूस ठेवला होता.

मी मंत्र सुरू करायला वेदीकडे वळणार तेवढ्यात दारात चाकाची खुर्ची आली. मिसाओ. एका दिवसाची सुट्टी काढून, तोंडाला पट्टी, डोक्याला टोपी, मागे परिचारिका. मला तिनं सांगितलं नव्हतं. साकुमा आजोबांनी, काय समजून कोण जाणे, खुर्ची सरळ त्या रिकाम्या आसनाच्या जागी नेऊन लावली. होझुमीबाईंनी तिच्या टोपीकडे पाहिलं, मग चेहऱ्याकडे पाहिलं, आणि जमिनीला कपाळ टेकलं. त्यांच्या मागोमाग सगळ्यांनी. इसाकीसुद्धा. एकशे चाळीस माणसं माझ्या बायकोपुढे ती विधवा असल्यासारखी वाकली होती, आणि मी, तिचा नवरा, दारुड्या पिशाचाच्या सद्गतीसाठी गळा साफ करत उभा होतो. दादा, बावीस वर्षांत मी कितीतरी घरांतल्या माणसांना या आसनावर बसवलंय, पण माझ्या घरचं माणूस तिथे कधी पाहिलं नव्हतं. आणि पुढच्या खेपेला तिथे मीच असेन, हे मला तेव्हा पहिल्यांदा कळलं.

आमच्या धंद्यात मंत्र म्हणताना पाठ लोकांकडे असते. धूप घालायला मिसाओ सगळ्यांत आधी गेली. चाकांचा आवाज मी ऐकला. तो माझ्या मागून सरकला, थांबला, चिमटीतला धूप पडल्यावर निखारा चुरचुरतो तसं चुरचुरलं, पण उजवीकडे की डावीकडे ते काही केल्या कळेना. या देवळाला घुमायची खोड आहे, तुम्हाला लहानपणापासून ठाऊक आहे. वळून पाहणं शक्य नव्हतं. दोन ठिकाणी मी मंत्र चुकलो. विधी संपल्यावर इसाकीनं आकडे जाहीर केले, कागेत्सुरा चौऱ्याहत्तर, नुमाता सदुसष्ट. (बाईंनी फेरमोजणी मागितली नाही, इसाकीनं मागितली.) त्या आकड्यांत एक मत माझ्या बायकोचं होतं. कुणाचं ते त्याला विचारणं फार सोपं होतं, आणि मी चहाचे पेले गोळा करत राहिलो.

परत नेताना गाडीत ती दमली होती. म्हणाली, भाषण चांगलं झालं, पण तुम्ही त्याचे दोष फारच सविस्तर सांगितलेत. मी म्हटलं, माणूस समजायला दोष लागतात. ती म्हणाली, “आणि चावला असता तर काय बिघडलं असतं मेल्याचं?” मग झोपली. त्या वाक्यावर मी गेले तीन दिवस बसून आहे.

असो. पत्र लांबलं. आपण कामात असाल. थंडीत मनगट गरम ठेवावं.

आपला नम्र,
रियोझेन

ता. क. वाळवलेली पर्सिमनची फळं वेगळ्या पेटीतून पाठवली आहेत. यंदा थोडी तुरट आहेत, कारण ती सोलायला आणि टांगायला मी एकटाच होतो.

ता. क. २. होझुमीबाई म्हणतात की तुमच्या धंद्यात मेलेली माणसं परत येतात, राखेतूनही येतात, वाचक कुरकुरतात पण खपवून घेतात. तसं असेल तर कागेत्सुराला परत आणावं आणि त्याला चावू द्यावं. मिसाओ कुणाच्या रांगेत गेली हे तुम्ही हवं तर तिला विचारा, मला विचारवत नाही. तिनं कागेत्सुराचं नाव घेतलं तर आणाच. नुमाताचं घेतलं, तरीही आणा. त्या कारकुनाला काही वाटणार नाही. त्याच्या रक्ताचा तिला उपयोग नाही. माझं मी डिसेंबरातच तपासून घेतलं आहे.

ता. क. ३. घरात कुणी सख्खं आहे का, असं डॉक्टरांनी पहिल्याच दिवशी विचारलं होतं. सख्ख्या भावंडाचं जुळायची शक्यता चारात एक असते म्हणे. मिसाओ म्हणाली, मला भाऊ नाही. मी शेजारी बसलो होतो आणि गप्प राहिलो. बाबांच्या अंत्यविधीला तुमच्याकडून नुसतं फुलांचं चक्र आलं, तेव्हापासून हे तिच्या मनात आहे, आणि ते मी काढू शकलेलो नाही. तपासणीला एक नळी रक्त लागतं, तुमच्याकडे तोक्योतही होते. पत्ता आणि डॉक्टरांचं नाव मागच्या बाजूला लिहिलं आहे. जुळलं नाही तर मी पुन्हा कधी लिहिणार नाही. पण जुळलं तर मी मागितलं असं तिला कळू देऊ नका. तुम्हाला आपणहून सुचलं, असं सांगा. आयुष्यभर गोष्टी रचत आला आहात, दादा, एवढी एक तिच्यासाठी रचा.