सहाचं पाळणाघर कोणी उघडलं?

३ नोव्हेंबर, सोमवार

चार बॉक्सफायली! आणि वर चहा. विजयश्रीबाई म्हणाल्या, "आधी चहा घ्या, मग आमची उलटतपासणी." रहाटणीत किराणा दुकानाच्या वर एक खोली, तीन खुर्च्या. एवढीच ती संस्था. माणसं दोन — त्या आणि समाधान.

इथलं पालिकेचं पाळणाघर साडेनऊला उघडायचं. चाकणच्या कंपन्यांची बस येते सव्वासहाला. म्हणजे पहिल्या शिफ्टच्या बायकांना ते असून नसल्यासारखं. यंदा जूनपासून ते सहाला उघडतं. इथलं, आणि अजून दहा ठिकाणचं. संस्थेनं ट्रस्टला कळवलंय की हे आमच्या चार वर्षांच्या पाठपुराव्यामुळे झालं. मुंबईचा ट्रस्ट, संस्थेला देणगी देणारा. त्यांना आता बाहेरच्या माणसाकडून खात्री हवी आहे — खरंच यांच्यामुळे झालं का? बाहेरचं माणूस म्हणजे मी. एकतीस वर्षं कॉलेजात संख्याशास्त्र शिकवलेली.

माझं उत्तर 'नाही' आलं तर मार्चनंतर देणगी बंद. मग ही खोलीही बंद.

घरी आमचे मधुसूदन म्हणतात, "म्हणजे रिटायर होऊनही पेपर तपासणंच!" हसतात स्वतःच.

७ नोव्हेंबर

पावणेसहालाच पाळणाघरापाशी जाऊन उभी राहिले. थंडी. पोरं अर्धी झोपेत, एकाच्या तोंडात बिस्किट तसंच राहिलेलं. आया ती खांद्यावरून उतरवतात, गालावरून हात फिरवतात आणि पळतात. मागे वळून कोणी बघत नाही. वळलं की पोर रडतं, हे मलाही माहीत आहे. योगिनी दोन वर्षांची असताना तिला शेजारच्या काकूंकडे सोडायचे, तेव्हा मीही वळायची नाही. कोपऱ्यावर गेल्यावर मग डोळे पुसायचे.

दिव्या नावाची मुलगी भेटली. पंचविशीची, लातूरकडची, वायरिंगच्या लाइनवर असते. आधी काय करायचीस? "थोरलीला ठेवायचे की धाकट्यापाशी. सात वर्षांची हाय ती. शाळा बुडायची, काय करणार! आता जातीय रोज."

हे कोणी करून आणलं?

"खंडूशेठनी."

आणि संस्था? विजयश्रीबाई?

"मला नाही बा माहीत."

भिंतीवर हा एवढा मोठा फ्लेक्स. इथले पुढारी खंडूशेठ हात जोडून उभे. "अथक प्रयत्नांना यश! समस्त माता-भगिनींकडून जाहीर आभार."

१२ नोव्हेंबर

चाळीस जणींशी बोलून झालं. संस्थेचं नाव एकीलाही ठाऊक नाही. एकीलाही!

पालिकेतले साहेब सभ्य होते. म्हणाले, लोकांची मागणी होती, खंडूशेठ मागे लागले होते. संस्थेची पत्रं? "येतात हो, पुष्कळ संस्थांची येतात."

विजयश्रीबाईंना काय सांगू? परवा त्यांनी डब्यातली मेथीची भाजी माझ्या ताटात वाढली. ज्याचं मूल्यमापन करायचं त्याच्या घरचं खाऊ नये, हे मला कळायला हवं होतं. भाजी मात्र फार छान होती.

१३ नोव्हेंबर

पाठ धरली. काही केलं नाही.

१५ नोव्हेंबर

फ्लेक्सच्या कोपऱ्यात छापणाऱ्याचा नंबर होता. सहज फोन केला. सवयच माझी, आकडा दिसला की ताळा करून बघायची. हा फ्लेक्स कोणत्या माता-भगिनींनी छापून घेतला?

"कुठल्या माता-भगिनी, मॅडम! समाधानभाऊ आलते. मे महिन्यात."

मे महिन्यात! निर्णय झाला जूनमध्ये. आभार आधी आणि काम नंतर?

तशीच रिक्षा करून रहाटणीला गेले. समाधान माझं तोंड बघूनच उठला, "मी चहा सांगतो," म्हणून जिना उतरला. विजयश्रीबाई मात्र हसायला लागल्या.

"तीन वर्षं संस्थेच्या नावानं पत्रं दिली. या टेबलावरून त्या टेबलावर. मग डोकं चालवलं. फ्लेक्स छापला आणि गुंडाळी घेऊन थेट खंडूशेठच्या दारात. म्हटलं, आभार तयार आहेत, तारीख तेवढी चिकटवायची राहिलीय. तेवढं काम करा. बघत बसले फ्लेक्सकडे! मग स्वतः गेले पालिकेत. माझी चार वर्षांची माहिती — किती बायका, कुठली बस, किती वाजता — सगळी त्यांच्या हातात दिली होती."

आणि मला का नाही सांगितलंत?

"पहिल्या दिवशी तुम्ही म्हणालात, अहवाल ट्रस्टच्या वेबसाइटवर जाणार. पूर्वी नव्हता जात. आता निवडणुका तोंडावर आहेत, बाई. तिथं लिहून आलं की हे शेठचं काम नाही, तर विरोधक तेच छापून वाटतील. शेठ चिडले, हात काढून घेतला, की पाळणाघर पुन्हा साडेनऊला. त्या पोरींचं काय?"

मला इतका राग आला! आणि इतकी माया वाटली. दोन्ही एकदम.

१८ नोव्हेंबर

ट्रस्टच्या स्वानंदला फोन केला. योगिनीच्या वयाचा असेल, गोड बोलतो. विचारलं, काही गोष्टी तोंडी सांगितल्या तर? "मॅडम, कागदावर नसेल ते मला विश्वस्तांपुढे ठेवता येत नाही." नावं गाळून? "संस्था एकच, निर्णय एकच. कोणालाही कळेल."

बरोबर आहे त्याचं. मीही हेच शिकवलं असतं.

२२ नोव्हेंबर

झोप नीट नाही. खरं लिहिलं तर संस्था वाचते, पाळणाघर जाऊ शकतं. खोटं लिहिलं तर पाळणाघर राहतं, संस्था जाते. एकतीस वर्षांत एका आकड्याला हात लावला नाही. एका पोराला एका मार्कासाठी नापास केलं होतं, त्याची आई घरी येऊन रडली, तरी नाही बदललं. आज मी ते बदललं असतं का? हो. आज बदललं असतं.

मधुसूदननी काही सल्ला दिला नाही. मोसंबी सोलून समोर ठेवली.

२५ नोव्हेंबर

विजयश्रीबाईंनीच सोडवलं. जिन्यात उभ्या होत्या, पिशवी काखेत.

"लिहा, संस्थेचा वाटा सिद्ध होत नाही."

अहो, पण तुमचं काय?

"माझं बासष्टावं वर्ष संपलं. समाधानला एका कंपनीत चिकटवते." मग वर दाराकडे बघत, "ही खोली मला फार आवडते हो. पण पोरी सहाला येतात."

मी त्यांचा हात धरला.

२९ नोव्हेंबर

पाठवला अहवाल. पान अकरा: "उपलब्ध पुराव्यांवरून संस्थेचा वाटा सिद्ध होत नाही." खाली माझी सही. जेवण गेलं नाही.

१२ डिसेंबर

ट्रस्टचं पत्र आलं. मार्चनंतर देणगी नाही. विजयश्रीबाईंनी फोनवर माझीच समजूत काढली! "रडू नका हो, बाई. सकाळी बघितलं, दिव्याचा धाकटा हसत आत गेला."

अहवाल वेबसाइटवर चढला आहे. मी उघडून बघितला नाही.

२१ डिसेंबर, रविवार

सकाळी दारात खंडूशेठ! फ्लेक्सवर दिसतात त्याच्यापेक्षा बुटके. सोबत कोणी नाही. हातात मोबाइल, त्यावर माझा अहवाल.

"बाई, पान अकरावर चूक हाय."

मी त्यांना आत बोलावून बसवलं.

"त्या बाईनं माझ्या दारात चपला झिजवल्या. समदा कागद तिचा. आन् तुमी लिवता सिद्ध होत न्हाई?"

धीर करून म्हटलं, पण शेठ, तुमच्या फ्लेक्सवर तर —

"फ्लेक्सचं सोडा वो! फ्लेक्सवर काय बी चालतं, लोकांस्नी म्हाईत असतं. पर ह्ये शिकल्या-सवरल्या माणसानं सही करून लिवल्यालं हाय. असं खोटं न्हाई चालत."

निवडणूक? विरोधक?

"त्ये माझं मी बघतो. पाळणाघराला कोण हात लावतंय तेबी बघतो." खिशातून ट्रस्टच्या नावाचं पत्र काढलं, स्वतःच्या लेटरहेडवर, सहीशिक्क्यानिशी. "ह्ये जोडा. आन् त्ये पान बदला."

विजयश्रीबाई आणि मी महिनाभर ज्या माणसाला भीत होतो, तो माझ्या सोफ्यावर बसून चष्मा पुसत होता. आम्ही एकदा विचारलंसुद्धा नव्हतं त्याला! लाज वाटली, आणि रडूही आलं. मधुसूदन चहा टाकायला आत गेले. मी लॅपटॉप उघडला.