जिन्याआधीची फळी

१२ एप्रिल, शनिवार
माडीवर कूलर पुसायला सरकवला तर खालची फळी बोटाने चुरली. ओल्या बिस्किटासारखी. कूलर गळत होता आणि कुणाला पत्ता नाही. शेजारच्या चार फळ्यांचंही तेच. नशीब, पाय नाही गेला कुणाचा.
फरशी असती तर पुसून मोकळी झाले असते. पण ही नानांची सागवानी जमीन. इगतपुरीला एक जुना बंगला पाडला तेव्हा त्याच्या फळ्या टेम्पोत घालून नाशिकला आणलेल्या. आईला शहाबादी हवी होती. नाना अजून सांगतात, "ती हरली."

१५ एप्रिल, मंगळवार
दत्तू मिस्त्री (यापुढे द.मि.) येऊन गेला. चांदवडकडचा. फळीवर टिचक्या मारून म्हणाला, "ताई, पाचच गेल्यात. बाकी सागवान लोखंड हाय." नवं सागवान जुन्यात बेमालूम बसवून देतो म्हणाला.
नानांना दिसत नाही. काचबिंदू, उजेड-अंधार तेवढा कळतो. तरी पलंगावरून उठून म्हणाले, "दाखव फळी." अंगठ्याने कडा चाचपली. पास केली बहुतेक.

१९ एप्रिल, शनि.
काम सुरू. नाना खाली हॉलमध्ये. दर तासाला हाक : "काय उघडं टाकलंय माझं?"
सडलेल्या फळ्या एका रेषेत कापायच्या नाहीत, नाहीतर ठिगळ दिसतं. एक लांब, एक आखूड, आणि प्रत्येक कापाखाली तुळई आली पाहिजे. नव्या फळीची जीभ शेजारणीच्या खाचेत. शेवटची फळी मात्र आत शिरेना, कारण दोन्हीकडे जागा नाही. मग तिच्या खाचेचा खालचा ओठ छिन्नीने उडवून वरून बसवली. मी सारखी वाकून बघत होते. द.मि. म्हणाला, "ताई, तुम्ही कंपनीत होता का?" अंबडला, क्वालिटीत. अख्खी नोकरी दुसऱ्यांचा माल नापास करण्यात गेली. "तरीच," म्हणाला.

२२ एप्रिल, मंगळ.
पॉलिश झालं. रंग जुळला, खरंच, शोधावं लागतं. मी एकच अट घातली होती : कुरकुर नको. जुन्या फळ्या पाय पडला की केकाटायच्या. द.मि.ने प्रत्येक नवी फळी तुळईला स्क्रूने आवळली. "आवाज आला तर नाव बदलीन." मी वर उड्या मारून बघितल्या (या वयात). चूं नाही. फार बरं वाटलं.
जुने तुकडे शेजारच्या काकूंच्या बंबात.

२४ एप्रिल, गुरु.
नाना परत माडीवर. सकाळी बाथरूमच्या चौकटीवर कपाळ आपटलं. टेंगूळ. "चौकट हलवलीस का?" म्हणाले. मी हसले.

२६ एप्रिल, शनि.
हसायला नको होतं.
चहा घेऊन वर येत होते. मान वर केली तर नाना जिन्याच्या तोंडाशी, एक पाय हवेत. बाथरूमला निघालेले. वळायचं सोडून सरळ आले. मी कशी चढले माहीत नाही, चहा सगळा भिंतीवर. त्यांना धरलं आणि दोघं खाली बसलो.
 

२७ एप्रिल, रवि.
पुण्याहून शेखरचा फोन. सांगायला नको होतं, सांगितलं. "ताई, आता पुरे. मी पुढच्या महिन्यात येतो आणि नानांना घेऊन जातो. इथे लिफ्ट आहे, माणूस ठेवू." धाकटा भाऊ पण हुकूम थोरल्याचे.
द.मि.कडून जिन्याला छोटं फाटक लावून घेतलं. बाथरूमपर्यंत दोरी बांधू का विचारलं तर नाना भडकले. "दावं बांधायला मी म्हैस आहे का?"

३० एप्रिल, बुध.
नाना उठत नाहीत. मी उशाशी घंटी ठेवली आहे, ती वाजवतात, मी नेते-आणते. शहाण्यासारखे वागतात तेच बघवत नाही.
खिडकीतूनही काही नाही. एरवी गाडीचा हॉर्न ऐकून कुठली गाडी आणि किती लेट ते आरडून सांगणार. जन्म रेल्वेच्या सिग्नल केबिनमध्ये गेला, सवय आहे. आज गाड्या गेल्या. गप्प.
शेखरचं बरोबर असेल का?

३ मे, शनि.
कळलं!!
दुपारी वर गेले तर नाना माझ्या नव्या फळ्यांवर उभे. एका पायावरून दुसऱ्या पायावर भार टाकत, कान देऊन. म्हटलं, काय शोधताय? त्यांनी पायाने फळी परत दाबली. मग, "इथली एक फळी बोलायची. ती बोलली की उजवीकडे वळायचं. आता कुणीच बोलत नाही."
त्या केकाटणाऱ्या फळीवर त्यांचा सिग्नल होता. मी तो मन लावून, स्क्रू आवळून बंद केला.
"मग सांगायचं नाही का नाना?"
"इतकी खूष होतीस."
खाली येऊन रडले. मग द.मि.ला फोन.

५ मे, सोम.
द.मि. आधी समजलाच नाही. "आवाज पायजे? ताई, लोक आवाज काढायला बोलवत्यात!" सगळं सांगितलं तेव्हा डोक्याला हात लावून म्हणाला, "घ्या. मी चांगलं काम केलं तेच चुकलं."
मधल्या फळीचे स्क्रू काढले. नुसती सैल फळी खडखडते, बोलत नाही. एक खिळा तिरपा मारून बघितला. दार वाजल्यासारखा आवाज. नाना पलंगावरून, "नापास."
घरात क्वालिटीवाली मीच, असं समजत होते.

६ मे, मंगळ.
फळीखाली तुळईवर पातळ पाचर. एक टोक घट्ट, एक टोक किंचित मोकळं. मी पाय टाकला : कुईं.
नाना उठून बसले. "परत." परत टाकला. "पहिल्यासारखा नाही. हा नवीन माणूस आहे."
"चालेल का?"
"ओळख करून घेतो."
द.मि. जाताना म्हणाला, "ताई, नाव बदलायचं राहिलं माझं."

११ मे, रवि.
सकाळी स्वयंपाकघरात कणीक मळत होते. वर कुईं. मग पावलं उजवीकडे. मग नळ. हात पिठाचे, तशीच उभी राहून ऐकलं सगळं. घंटी वाजली नाही.
थोड्या वेळाने वरून आरोळी : "वीस मिनिटं लेट!"
पोळ्या आज टम्म फुगल्या. किंवा मलाच तसं वाटलं.

२५ मे, रवि.
शेखर आला. रिकामी मोठी बॅग घेऊन. नानांना नेण्याच्या तयारीनेच. जेवण झाल्यावर नाना म्हणाले, "वर चल, मला हात धुवायचेत." खाली बेसिन असताना! शेखर त्यांचा हात धरायला गेला तर मी त्याला मागे ओढलं. नाना चालले. कुईं. उजवीकडे. हात धुतले, पुसले, पलंगावर येऊन बसले.
शेखर डोळे पुसत म्हणाला, "दिवाळीपर्यंत बघू." बॅगेत आंबे भरून दिले.

२० जुलै, रवि.
चार दिवस झड लागली आहे. देव्हाऱ्याचा खण फुगून बसला, उघडत नाही. तेव्हाच डोक्यात यायला हवं होतं.
वाळत घालायचे कपडे घेऊन वर गेले, फाटक पायाने ढकललं, लावायचं राहिलं. दोरीवर कपडे टाकून वळते तर नाना निघालेले. मी लांबच्या कोपऱ्यात. हाक मारली असती तर दचकले असते. म्हटलं, फळी आहे.
पाय पडला. फळी बोलली नाही. फुगून घट्ट बसलेली.
 नाना थांबले. पुढे उघडं फाटक आणि जिना. पाऊल जरा घासलं, मागे, पुढे. आणि उजवीकडे वळले.
मी जाऊन आधी फाटक लावलं. मग तिथेच बसले.
बाहेर आल्यावर विचारलं, कसं कळलं? म्हणाले, "तुझी फळी गुळगुळीत आहे. जुन्या झिजून शिरा वर आल्यात, खरबरीत लागतात. तळव्याला कळतं."
"मग आवाजासाठी एवढा खटाटोप कशाला करायला लावला?"
"तेव्हा कुठे ओळख होती?"
इतकं हलकं वाटलं की त्यांच्याशी भांडले.
द.मि.ला फोन केला. तो म्हणतो, थंडीत लाकूड सुकलं की फळी परत बोलेल. बोलायलाच पाहिजे. थंडीत नाना पायात लोकरीचे मोजे घालतात, आणि ते काढा म्हणून सांगायची आपल्या घरात कुणाची टाप नाही.