निरोगी नमुना

९ मार्च

ती. ताईस,
सा. न.

तिसरी नळीही फेकली, हात धुतले आणि लिहायला बसले. आठवडाभर एकच प्रयोग चाललाय. थकले.

मी करते काय, हे तू विचारलं होतंस. आईच्या आजारात जे जनुक बिघडतं, त्यातून एक प्रथिन बनतं. पेशीतली फाटतूट ते रफू करतं, हे तुला ठाऊक आहे. पण पेशीनं इतर जनुकं किती वाचावीत, म्हणजे किती वापरावीत, यावरही त्याची देखरेख असते. मी ते वाचन मोजते. एका बाजूला आजार असलेल्या घरांतलं रक्त, दुसऱ्या बाजूला निरोगी माणसाचं.

निरोगी नमुना म्हणून आधी एक सहकारी रक्त द्यायचा; तो बदलून गेला, तेव्हापासून माझंच रक्त वापरतात. तीनही वेळा त्याचं वाचन निम्मं आलं, आजार असलेल्या घरांसारखं. आमच्या प्रयोगशाळेच्या प्रमुख बाई म्हणाल्या, नमुना खराब दिसतोय, बदला. मी मान डोलावली.

ताई, फॉर्मवर ‘घरात आजार’ या रकान्यात मी ‘नाही’ लिहिलं होतं.

रागाव, पण लोभ सोडू नकोस.

तुझी धाकटी

१३ मार्च

चि. धाकटीस,
अ. उ. आ.

पत्र दुकानातच वाचलं. समोर गिऱ्हाईक होतं म्हणून रडले नाही.

म्हणजे हे प्रथिन नुसतं रफूवालं नाही, कटिंग मास्तरही आहे. मास्तर अर्धाच वेळ आला तर कापड बिघडणारच. पण तुझ्या नळीवरून नक्की काही ठरत नाही ना? मग आत्ताच हातपाय गाळू नकोस. शाळेतही निकाल आणायला मलाच पाठवायचीस, भित्री भागूबाई.

राग खोट्याचा आहे. आई काय लपवायची गोष्ट होती? माझी मुलगी एकोणीसची झाली. तिला काहीतरी खरं सांगायला हवं. सोमवारी येते, दोघी रीतसर चाचणी करू. त्याआधी बाईंना सांग.

लोभ आहे म्हणूनच एवढं बोलले.

ताई

रविवार

ती. ताईस,
सा. न.

बाईंना सांगितलं. त्या म्हणाल्या, म्हणजे नमुना खराब नव्हता. त्यांनी नवा फॉर्म दिला. त्या रकान्यात ‘आई’ लिहिलं.

निकालाला तीन आठवडे लागतात. या वेळी आणायला मी जाईन. हे पत्र पोस्टात टाकत नाही, उद्या हातातच देते.

लोभ मागायची हिंमत नाही. असेल तेवढा पुरे.

धाकटी

दुसऱ्या दिवशी सकाळी ताई दुकान बंद ठेवून आली. बाहीला दोन टाचण्या तशाच होत्या. रक्त द्यायला आधी धाकटीनं हात पुढे केला.