गॅलरीतली छत्री

रविवार, संध्याकाळ

डोकं अजून तापलेलंच आहे. दुपारी आमच्या सोसायटीचे सेक्रेटरी लिमये माणूस घेऊन आले आणि गॅलरीतली डिशची छत्री काढून जिन्यात ठेवून गेले. भिंतीला चार भोकं उरली. रस्त्याकडच्या गॅलरीत छत्री चालत नाही, गच्चीवर लावा म्हणे. गच्चीवर कुठे? सिग्नल येतो ती बाजू सोलरच्या टाक्यांनी अडवली आहे.

मी म्हटलं, "अहो, हे मोडक्या खुब्याने पलंगावर पडून आहेत. टीव्हीशिवाय त्यांना दुसरं काय आहे?"

लिमये हसले. "बाई, खालची नोटीस आपणच लिहिली आहे. एकदा वाचावी, एवढीच विनंती."

उद्धट माणूस!

तरी गेले खाली. काचेच्या फळ्यात माझंच अक्षर. शाळेत शिकवायची, म्हणून सोसायटीच्या नोटिसा माझ्याकडेच. ही नोटीस तेव्हाची, जेव्हा वरच्या मजल्यावरच्या भाडेकरू नर्सने छत्री लावली होती. तिचे वडील अंथरुणाला खिळलेले, त्यांना मल्याळम बातम्या लागायच्या. पोरीने वाद न घालता छत्री उतरवली. तिच्याही भिंतीला चार भोकं राहिली असतील.

नियम कमिटीचा, मी फक्त लिहून दिला, असं मघापासून स्वतःला बजावते आहे. पण शेवटची ओळ कमिटीने सांगितली नव्हती. ती मी पदरची घातली: 'आजारपणाची सबब सांगू नये.'

खाली दोन रेघाही मारल्या आहेत. पट्टी लावून.